अचानक ऐकू येईनासं झालं तर: पहिल्या दिवसापासून रोजची घडी बसेपर्यंत

मे महिन्यातली सकाळ होती. बहिणीचा फोन आला, सवयीने डाव्या कानाला लावला, तर पलीकडून काहीच नाही. नेटवर्क गेलं असेल म्हणून ठेवला, पुन्हा लावला. मोबाइल बंद करून चालू केला. मग सहज उजव्या कानाला धरला आणि ती स्पष्ट बोलत होती. फोन ठीक होता. माझ्या डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं आणि आत एक बारीक शिट्टी सुरू होती. ती शिट्टी आजही आहे.

तेव्हा मी ४४ वर्षांची होते. जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं. मळ असेल, सर्दी असेल, असं म्हणून थेंब मिळाले आणि मी ११ दिवस ते थेंब घालत बसले. बाराव्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पोचले. उपचार झाले, पण डावा कान परत आला नाही. उजव्या कानातही आधीपासूनची घट तपासणीत निघाली, जी मला कधी जाणवलीच नव्हती. याला आता सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी, माझा नवरा, सासूबाई आणि मुलगा जे शिकलो, ते क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ऐकणं एकट्या कानावर ठरत नाही. कोण कुठे बसलंय, उजेड कुठून येतोय, कूलर चालू आहे का, समोरच्याने आधी हाक मारली का, या सगळ्यावर ते ठरतं. म्हणून "नीट लक्ष देऊन ऐक" असं कुणी म्हणालं, तर ते मनावर घेऊ नका. लक्ष आपण देतच असतो. मांडणी बदलावी लागते.

पहिले तीन दिवस: थांबायचं नाही

एका कानाने अचानक, म्हणजे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येणं खूप कमी झालं, तर ती इमर्जन्सी समजा. डॉक्टरांची व्याख्याही तशीच आहे: ७२ तासांच्या आत, लागून असलेल्या तीन फ्रिक्वेन्सींमध्ये, म्हणजे आवाजाच्या पट्ट्यांमध्ये, ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट. बहुतेक वेळा हे एकाच कानाला होतं, सकाळी उठल्यावर लक्षात येतं, आणि सोबत कान भरल्यासारखा वाटतो, आवाज येतो, काहींना गरगरतं.

घरी एक छोटी खूण पाहता येते. ओठ मिटून "हं" असा सूर धरा. तो सूर बंद वाटणाऱ्या कानात मोठा लागला, तर मळ, पाणी, सर्दी अशी अडचण असण्याची शक्यता जास्त. सूर चांगल्या कानाकडे सरकल्यासारखा वाटला, तर आतल्या कानाचा किंवा नसेचा प्रश्न असू शकतो. डॉक्टर ट्यूनिंग फोर्क कपाळाला लावून हेच पाहतात. पण ही खूण फक्त घाई करण्यासाठी वापरा. "मळच आहे" असं ठरवून घरी बसण्यासाठी वापरू नका.

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, तोंडाने स्पष्ट मागा: "कानात मळ नसेल तर आजच ऑडिओमेट्री करून द्या." नागपुरात रामदासपेठ, धंतोली भागात खाजगी तज्ज्ञ पुष्कळ आहेत. खर्चाचा प्रश्न असेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ईएनटी ओपीडीत जा. मिहानमधलं एम्सही आहे. ओपीडी सकाळची असते, रांग असते, म्हणून लवकर निघा. खिडकीवर केसपेपर काढतानाच सांगा की कालपासून अचानक ऐकू येत नाही.

नसेचा प्रश्न निघाला तर सहसा स्टेरॉइड देतात, गोळ्यांनी किंवा कानाच्या पडद्यातून इंजेक्शनने. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेल्या उपचाराचा उपयोग होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. जसजसे दिवस जातात तसतशी ती घटते. मी बाराव्या दिवशी पोचले, हे मी इथे पुन्हा लिहिते ते याचसाठी. मधुमेह असेल तर आधी सांगा, स्टेरॉइडने साखर वाढते. गोळ्या मनाने बंद करू नका, त्या हळूहळू कमी करायच्या असतात. नसेवर गाठ वगैरे नाही ना, हे पाहायला एमआरआय सांगतील. तो टाळू नका, घाबरूही नका. बहुतेकांच्या बाबतीत नेमकं कारण सापडतच नाही. "कूलरची हवा लागली", "डोक्यावरून गार पाणी घेतलंस म्हणून झालं" असं येणारा-जाणारा सांगेल. ऐकून सोडून द्या. स्वतःला दोष देण्यासारखं तुम्ही काही केलेलं नसतं.

लसणाचं गरम तेल, कांद्याचा रस, रस्त्यावरच्या कानसफाईवाल्याची सळई, यातलं काहीही कानात जाऊ देऊ नका.

आणि ऐकू न येण्यासोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातापायातली ताकद गेली किंवा एकाचे दोन दिसायला लागले, तर ओपीडीची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा.

रिपोर्ट वाचायला शिका

ऑडिओग्राम, म्हणजे ऑडिओमेट्रीचा आलेख, हा कागद यापुढे आयुष्यभर सोबत राहणार आहे. त्यावर उजवा कान लाल गोलाने आणि डावा निळ्या फुलीने दाखवतात. डावीकडून उजवीकडे आवाजाची पट्टी जाड ते बारीक, साधारण २५० ते ८००० हर्ट्झ. वरून खाली आवाजाचा जोर, डेसिबलमध्ये. खूण जितकी खाली, तितका मोठा आवाज तुम्हाला लागतो. माझ्या उजव्या कानाचे गोल डावीकडे वर आहेत आणि उजवीकडे घसरत जातात. म्हणजे "आ", "ओ" मला ऐकू येतात, पण स, श, फ, त, ट निसटतात. हे कळल्यावर माझ्या घरातलं एक भांडण संपलं. "तुला ऐकू तर येतं, मग समजत कसं नाही?" या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर होतं. नवऱ्याला आणि मुलाला समोर बसवून मी ते बोटाने दाखवलं. तुम्हीही दाखवा.

उपचार संपल्यावर आणि पुन्हा सहा महिन्यांच्या आत तपासणी करून घ्या. काहींचं ऐकणं बरंच परत येतं, काहींचं थोडं, काहींचं नाही.

पहिले काही आठवडे: शिट्टी, गरगर आणि थकवा

कानातला आवाज रात्री जास्त छळतो, कारण बाकी सगळं शांत होतं. पूर्ण शांततेत झोपायचा प्रयत्न करू नका. मागे कसला तरी एकसारखा हलका आवाज राहू द्या. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलर असतोच. दिवसा तो माझा शत्रू आहे, रात्री मित्र. हिवाळ्यात पंखा भिंतीकडे तोंड करून लावते, किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज अगदी हळू. या शिट्टीला घालवणारी हमखास गोळी नाही. मेंदू हळूहळू तिच्याकडे लक्ष देणं कमी करतो, आणि कानाचं मशीन लावल्यावर अनेकांना ती कमी जाणवते. झोपच लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ते डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही.

तोल जात असेल तर रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा, बादली-पाट वाटेतून हलवा, आणि काही दिवस गाडी चालवू नका.

थकव्याबद्दल मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. दिवसभर ओठ बघत, अर्धे शब्द जुळवत वाक्य पूर्ण करायचं म्हणजे डोक्याची मजुरी आहे. संध्याकाळी पाच वाजता मला रडू यायचं आणि कारण कळायचं नाही. आता ऑफिसातून आल्यावर अर्धा तास मशीन काढून ठेवते. त्या अर्ध्या तासात कुणी माझ्याशी बोलायचं नाही, चहासुद्धा खुणेने विचारायचा. घरात हा नियम करा.

घर: कुठे बसायचं, काय बंद करायचं

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवा असं सांगणं म्हणजे क्रूरपणाच. पारा ४५ च्या वर जातो. म्हणून आम्ही असं केलं: कूलर हॉलच्या खिडकीत आहे, आणि माझी खुर्ची त्याच्याकडे डाव्या, म्हणजे गेलेल्या कानाची बाजू येईल अशी ठेवली. माणसं उजवीकडे आणि समोर बसतात. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी कूलरचा पंखा "लो"वर, नाहीतर पाच मिनिटं बंद, मग बोलणं. आधी आम्ही कूलरवर मात करत ओरडायचो. त्यात समोरच्याचा चेहरा रागावल्यासारखा दिसतो, आणि मला वाटायचं सगळे माझ्यावर चिडलेत.

उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडला पाहिजे. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचं तोंड काळं दिसतं, ओठ दिसत नाहीत. म्हणून खिडकीकडे पाठ माझी. टाइल्स आणि मोकळ्या भिंतींच्या हॉलमध्ये आवाज घुमतो. सतरंजी, जाड पडदे, गाद्या-उशा यांनी तो घुमणं कमी होतं. आम्ही दिवाणखान्यात एक मोठी सतरंजी कायमची पसरून ठेवली आणि पहिल्याच दिवशी फरक कळला.

स्वयंपाकघरात नळ, एक्झॉस्ट, मिक्सर आणि स्टीलची भांडी. इथे ऐकण्याचा हट्टच सोडला. कुकरच्या शिट्ट्या मोजण्याऐवजी मोबाइलवर व्हायब्रेशनचा टायमर लावते आणि तो कमरेला खोचते. गॅस सुरू ठेवून दुसऱ्या खोलीत जाणं पूर्ण बंद. दूध तापवताना तिथेच उभं राहायचं.

दाराची बेल: दिव्यासह वाजणारी वायरलेस बेल मिळते, तिचा एक रिसीव्हर हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात. गजर: उशीखाली ठेवायचं थरथरणारं घड्याळ, किंवा मनगटावरचं स्मार्टवॉच. घरी एकट्या असाल तर शेजारच्या एका घरी सांगून ठेवा की दार वाजवूनही उघडलं नाही तर फोन करू नका, मेसेज करा.

दुसऱ्या खोलीतून हाक मारणं ही घरातली सर्वांत जुनी आणि मोडायला सर्वांत अवघड सवय. एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज कुठून आला हे कळत नाही, कारण दिशा ओळखायला दोन्ही कान लागतात. सासूबाई देवघरातून हाक मारायच्या आणि मी गॅलरीत शोधायचे. "काहून बाई, तिकडे कुठं जाऊन राहिली?" असं त्या विचारायच्या, आणि मला वाटायचं आपण खुळे झालो. शेवटी ठरलं: ज्याला बोलायचंय त्याने माझ्या खोलीत यायचं. दिवा एकदा बंद-चालू करायचा किंवा टेबलावर दोनदा थाप मारायची. थाप हाताला जाणवते. मागून खांद्यावर अचानक हात नको, दचकायला होतं.

बोलायचं कसं, हे घरच्यांना शिकवा

आधी नाव, मग नजर, मग वाक्य. "ऐक ना, उद्याच्या गॅसबद्दल" असं विषयाचं नाव आधी आलं की पुढचे अर्धे शब्द मेंदू भरून काढतो. विषय बदलला तर तेही सांगायचं. ओरडायचं नाही, तोंड वाकडं करून तोडून-तोडूनही बोलायचं नाही. नेहमीपेक्षा जरा सावकाश, बस.

एकदा समजलं नाही तर तेच वाक्य चौथ्यांदा म्हणण्यात अर्थ नसतो. शब्द बदला. एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "माठ भर." मी भाताचं पातेलं उचललं. त्या पुन्हा म्हणाल्या, "माठ, माठ." मी पाट घ्यायला वळले. ओठांकडे बघितलं तर माठ, भात, पाट हे तिन्ही सारखेच दिसतात, कारण प, फ, ब, भ, म ओठ मिटूनच निघतात. क, ग, ह तर घशातच राहतात, दिसतच नाहीत. तिसऱ्यांदा सासूबाई म्हणाल्या, "प्यायचं पाणी संपलं," आणि मला लगेच कळलं. त्या दिवसापासून त्या दुसऱ्या शब्दांतच सांगतात. ७२ वर्षांच्या बाईंनी ही सवय लावून घेतली, म्हणून "आमच्या घरी कुणी ऐकत नाही" असं कुणी म्हटलं की मी त्यांना पुन्हा प्रयत्न करायला सांगते.

आकडे सर्वांत घातक. सात, साठ, आठ. वीस, तीस, बावीस, बत्तीस. पैशाचा, वेळेचा, औषधाचा आकडा कधीही फक्त ऐकून धरू नका. "सहा-शून्य का?" असं सुटे अंक म्हणून विचारा, किंवा बोटं दाखवायला सांगा. औषधाचा डोस लिहूनच घ्या.

आणि एक वाक्य घरातून हद्दपार करा: "जाऊ दे, काही नाही."

जेवताना सगळे हसतात, आपण विचारतो काय झालं, आणि उत्तर येतं, "जाऊ दे, काही नाही, साधंच होतं." सांगणाऱ्याच्या मनात काहीच वाईट नसतं. त्याला पुन्हा सांगायचा कंटाळा आलेला असतो. पण दिवसातून पाच वेळा हे ऐकलं की माणूस विचारणं सोडतो, मग टेबलावर बसणं सोडतो. मी पहिल्या वर्षी माझं ताट घेऊन खोलीत जायला लागले होते. माझ्या मुलाने ते ओळखलं. तो तेव्हा नववीत होता. आता तो हसता हसता एका वाक्यात मला सांगतो, कधी मोबाइलवर टाइप करून पुढे सरकवतो. साधी गोष्टच सांगायची असते. तीच हवी असते.

आपल्याकडूनही एक पथ्य: न ऐकता मान डोलावू नका. "हो" म्हणून टाकायची सवय लवकर लागते आणि घात करते. "काय?" एवढंच विचारण्याऐवजी कळलेला भाग परत म्हणा: "उद्या पाच वाजता, कुठे?" म्हणजे समोरच्याला फक्त "कुठे"चं उत्तर द्यायचं राहतं.

कानाचं मशीन

डॉक्टरांनी सुचवलं असेल तर वर्ष-वर्ष पुढे ढकलू नका. "लोक काय म्हणतील" या विचारात माझे आठ महिने गेले. लोकांनी दोन दिवस बघितलं आणि विसरले.

मशीन ऑडिओलॉजिस्टकडूनच घ्या, जे तुमच्या ऑडिओग्रामप्रमाणे ते सेट करतील. ऑनलाइन मिळणारी स्वस्त यंत्रं सगळेच आवाज सारखे वाढवतात, त्याने उरलेल्या कानाला त्रास होऊ शकतो. किंमत काही हजारांपासून लाखांच्या पुढे जाते. महाग म्हणजे आपल्यासाठी चांगलं असं गृहीत धरू नका. आधी ट्रायल मागा, आणि ती शांत केबिनमध्ये नको. बाहेर रस्त्यावर उभं राहून, नवऱ्याशी किंवा मैत्रिणीशी बोलून पाहा. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल, तर गेलेल्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पाठवणारं क्रॉस नावाचं मशीन असतं, त्याबद्दल विचारा. दोन्ही कानांना शक्तिशाली मशीननेही शब्द कळत नसतील, तर कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राची, चौकशी करा. ते मोठ्या माणसांनाही बसवतात.

पहिल्या आठवड्यात सगळं कर्कश वाटतं. ताट ठेवल्याचा खणखणाट, पापड मोडल्याचा आवाज, स्वतःचाच घोगरा आवाज. रोज दोन-तीन तास, तेही घरात, एका माणसाशी बोलत सुरुवात करा आणि वेळ वाढवा. एका वहीत लिहून ठेवा: कुठे टोचतं, कोणता आवाज सहन होत नाही, कुठे शब्द कळत नाहीत. ती वही घेऊन दोन-तीन आठवड्यांनी सेटिंगला जा. एका बैठकीत कुणाचंच मशीन नीट लागत नाही.

सेलचे रंग ठरलेले असतात: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या आणि मग बसवा. आधी काढून ठेवलेला सेल न वापरताही संपतो. पर्समध्ये एक पान कायम असू द्या.

आता नागपूरचं ऊन. मशीन कारमध्ये, गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. घाम हा मोठा शत्रू. दुपारी घरी आल्यावर कोरड्या मऊ कापडाने पुसायचं, रात्री सेलचं दार उघडून सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. पावसाळ्यात हे एकही दिवस चुकवू नका. आणि बायकांसाठी खास: उन्हाळ्यात आपण तोंडाला ओढणी गुंडाळतो. ओढणी घट्ट बसली की मशीन शिट्टी मारतं, आणि सोडताना झटका दिला की मशीन ओढणीसोबत निघून जातं. माझं एकदा व्हरायटी चौकात सिग्नलला पडलं, नशिबाने पायाजवळच. तेव्हापासून गाडीवर बसायच्या आधी मशीन काढून डबीत ठेवते, पोचल्यावर लावते. हेल्मेटलाही हेच लागू. मास्कची दोरीही कानामागून सावकाश काढा.

रस्ता, बाजार, समारंभ

दोन्ही आरसे नसलेली दुचाकी घेऊन बाहेर पडू नका. हॉर्न ऐकू आला तरी कुठल्या बाजूने आला हे कळणार नाही, म्हणून वळण्याआधी आरसा आणि मान दोन्ही. पायी चालताना सोबतच्याला चांगल्या कानाच्या बाजूला घ्या. ती बाजू रस्त्याकडे येत असेल तर आधी सुरक्षितता, गप्पा नंतर. शक्य तिथे मी मेट्रोने जाते. पुढचं स्टेशन पाटीवर दिसतं, घोषणेवर अवलंबून राहावं लागत नाही, आणि सीताबर्डीला लाइन बदलतानाही पाट्या आहेत.

आपल्या शहरात आणखी एक गंमतीची वाटणारी पण दमवणारी गोष्ट आहे: भाषा मध्येच बदलते. ऑटोवाला हिंदीत सुरू करतो, भाजीवाली मराठीत, दुकानदार दोन्हीत. ओठ वाचणारा मेंदू एका भाषेची तयारी करून बसलेला असतो, म्हणून पहिले दोन-तीन शब्द हमखास जातात. मी आधीच म्हणते, "भाऊ, मला कमी ऐकू येतं, समोर बघून मराठीत सांगा." सहा वर्षांत यावर कुणी वाकडं बोललं नाही. गोकुळपेठच्या बाजारातल्या भाजीवाल्या तर आता विचारण्याआधीच बोटं दाखवतात.

हॉटेलात भिंतीकडे पाठ करून, स्वयंपाकघर आणि स्पीकरपासून दूर बसा, आणि गर्दीच्या वेळेआधी जा. तर्री पोह्यांच्या ठेल्यावर सकाळी नऊला काहीच ऐकू येत नाही, सातला सगळं कळतं. लग्नात स्टेजजवळच्या खुर्च्या सोडून कोपऱ्यातली दोन माणसं गाठा आणि त्यांच्याशीच बोला. पन्नास जणांना भेटायचा हट्ट नको.

उरलेला कान जपणं हे आता तुमचं कायमचं काम. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं धरतात, आणि दर ३ डेसिबल वाढीमागे ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. मारबतीच्या मिरवणुकीत, गणपतीच्या डीजेसमोर, वरातीत मशीन काढा आणि इअरप्लग घाला, किंवा सरळ दूर उभे राहा. बंद केलेलं मशीन म्हणजे इअरप्लग नव्हे.

फोन

अनोळखी नंबर उचलू नका. व्हॉट्सअॅपच्या माहितीत एक ओळ लिहा: "ऐकू कमी येतं, कृपया मेसेज करा." जवळच्यांशी व्हिडिओ कॉल, कारण ओठ दिसतात. लाइव्ह ट्रान्सक्राइब हे गूगलचं मोफत अॅप समोरच्याचं बोलणं मराठीत टाइप करून दाखवतं. अँड्रॉइड फोनवर चालतं, शांत खोलीत बरं काम करतं, गोंगाटात चुकतं. डॉक्टरांच्या केबिनमध्ये मी तो फोन टेबलावर ठेवते आणि आधी परवानगी विचारते. नव्या मशीनला ब्लूटूथ असेल तर फोनचा आवाज थेट कानात येतो. बँकेच्या "एक दाबा, दोन दाबा" मध्ये वेळ घालवण्यापेक्षा शाखेत जा किंवा ईमेल करा. आणि "ऐकू येत नाही" म्हणून ओटीपी दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ नका, घरच्या माणसाशिवाय.

ऑफिस आणि कागदपत्रं

ऑफिसात लपवू नका. मी तीन महिने लपवलं, आणि लोकांना वाटायचं मी घमेंडी झाले, हाक मारली तरी बघत नाही. साहेबांना एका पानाचं पत्र द्या: काय झालंय, काय मदत लागेल. माझ्या पत्रात चार गोष्टी होत्या: टेबल भिंतीकडे पाठ येईल असं, मीटिंगमध्ये अध्यक्षांसमोरची खुर्ची, मीटिंगचे मुद्दे आधी लेखी, आणि फोनऐवजी ईमेल.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम २० वाचून ठेवा. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं, तर त्या कारणाने नोकरीवरून काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं. खाजगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण ठेवणं बंधनकारक आहे.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन कार्डच्या पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज भरतात आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. इथे अपेक्षा आधीच नीट धरा. बहुतेक सवलतींना ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, आणि टक्केवारी काढताना चांगल्या कानाला खूप जास्त वजन असतं. त्यामुळे एकच कान गेला असेल तर ४० पर्यंत सहसा पोचत नाही. दोन्ही कानांत मोठी घट असेल तर जरूर अर्ज करा. ४० टक्क्यांच्या वर असाल आणि जुन्या करप्रणालीत असाल, तर आयकरात ७५ हजारांची, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. उत्पन्न कमी असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून मशीन मिळू शकतं. त्याची माहिती नागपुरातल्या सीआरसीमध्ये, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या संयुक्त क्षेत्रीय केंद्रात विचारा. ते मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेच्या अखत्यारीत चालतं.

एक फाइल

हे सगळं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा: पहिल्या दिवसापासूनचे सगळे ऑडिओग्राम तारखेच्या क्रमाने, एमआरआयचा रिपोर्ट, मशीनचं बिल आणि वॉरंटी कार्ड, सेलचा नंबर, यूडीआयडीची प्रत. वर्षातून एकदा तपासणी करा, तारीख लक्षात राहावी म्हणून वाढदिवसाच्या आठवड्यात. मधल्या काळात चांगला कानही भरल्यासारखा वाटला, तर थेंब घालत बसू नका, त्याच दिवशी फाइल घेऊन निघा. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर मुलाने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, कुठल्याही काउंटरवर दाखवता येईल असं: "आईला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्या बाजूला उभं राहून, समोर बघून, सावकाश बोला. आकडे लिहून द्या."